पीटीच्या बाई आणि बालकमानी

कात्रपमधल्या आमच्या शाळेला घंटा होती, ती वाजवायला शिपाई होता, तरी मधली सुट्टी संपल्याचं मुलांना कळायचं ते कांबळेबाईंच्या आवाजानं. मैदानाच्या कडेला उभं राहून त्या फक्त "चला" म्हणायच्या. तेवढ्यावर मैदान रिकामं व्हायचं आणि कुंपणापलीकडे भाजी घेणारी माणसंसुद्धा नकळत दोन पावलं पुढे सरकायची. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. माझा वर्ग मैदानाच्या अंगाला. मुलं वहीत सरळ रेघ ओढत असताना बाहेर चाललेल्या पीटीच्या तासातून "चला" आलं की निम्म्या वर्गाच्या रेघा वाकड्या. मी तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, की मग माझ्या तासाला रेघा ठेवूच नका, डोंगर ठेवा.

विमल कांबळे हे त्यांचं नाव, पण ते हजेरीपत्रकापुरतं. उंच, रुंद खांद्यांच्या, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. त्यांच्या हातात वस्तू टिकत नसत. त्यात राग नसायचा, जोर असायचा. स्टाफरूममधल्या कपांचे कान, नळाची तोटी, कपाटाची किल्ली, सगळं त्यांच्या हातून गेलं. किल्ली तर अर्धी कुलपातच राहिली. शेवटी शिपायानं त्यांच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला ठेवला. काही दिवसांत त्यालाही पोचा आला. खो-खोत पाठीवर थाप देऊन 'खो' कसा द्यायचा हे त्या स्वतः दाखवायच्या, तेव्हा थाप बसलेली मुलगी धावायची गरज न पडता पुढच्या खांबापर्यंत पोचायची.

अशा बाईंनी निवृत्त झाल्यावर घड्याळं दुरुस्त करायला शिकायचं ठरवलं.

त्याचं असं झालं. निरोप समारंभात शाळेनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. सोनेरी कडेचं, खाली 'सप्रेम भेट' लिहिलेलं. ते आठवडाभरही चाललं नाही. दुसऱ्या कोणी असत्या तर शोभेला ठेवून दिलं असतं. बाईंनी ते काखेत मारलं आणि उल्हासनगर गाठलं. मला ड्रेसचं कापड घ्यायचं होतं, म्हणून मीही बरोबर गेले.

कापडाच्या दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये, बांधताना चुकून उरल्यासारख्या जागेत ते दुकान होतं. आत एक वाळकेसे, पांढऱ्या केसांचे सिंधी गृहस्थ डोळ्याला भिंग लावून कशावर तरी वाकले होते. छताला पंखा होता, पण बंद. बाई मैदानावरच्या आवाजात "नमस्कार" म्हणाल्या. गृहस्थांनी मान वर न करता नुसता हात वर केला, थांबा अशा अर्थी. कांबळेबाईंना हात करून थांबवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनीही पाहिला नसावा, कारण त्या खरंच थांबल्या. बऱ्याच वेळानं त्या गृहस्थांनी श्वास सोडला, समोरच्या वस्तूवर काचेचं लहानसं झाकण ठेवलं आणि मग वर पाहिलं.

"मैडम, आपकी आवाज से बालकमानी हिल गई," ते म्हणाले.

बालकमानी म्हणजे काय, असं बाईंनी विचारलं. त्यांनी काही न सांगता भिंग पुढे केलं आणि झाकण उचललं. उघड्या मनगटी घड्याळाच्या आत केसाएवढी बारीक स्प्रिंग गुंडाळलेली होती आणि ती श्वास घेतल्यासारखी पसरत, आवळत होती. हे मला बाईंनी मागाहून सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की बाई वाकल्या आहेत आणि गप्प आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त नवल वाटत होतं.

भिंतीवरचं घड्याळ त्या गृहस्थांनी बोलता बोलता चालू करून दिलं. बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. हे काम शिकायला काय लागतं, असं त्यांनी विचारलं. गृहस्थांनी बाईंना बुटांपासून खांद्यांपर्यंत एकदा नीट पाहून घेतलं.

"हाथ हल्का, नजर तेज, साँस काबू में और मुँह बंद," ते म्हणाले. "इसमें से आपके पास क्या है?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नजर," त्या म्हणाल्या.

परतताना अंबरनाथ येईपर्यंत त्या स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत होत्या. मग म्हणाल्या, की उद्यापासून येते म्हणून सांगून आलेय. त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

यामागे आणखी एक कारण होतं. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा आनंद पुण्याला नोकरीला होता. आता रिटायर झालीस, तर फ्लॅट विकून आमच्याकडे ये, असं त्याचं चाललं होतं. मुलगा चांगला, सूनही चांगली, त्यामुळे बाईंना नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. भांडण असतं तर सोपं होतं, त्या मला म्हणाल्या, पण हे दोघं प्रेमानं मला सोफ्यावर बसवून ठेवतील. घड्याळजीसुद्धा दिवसभर बसूनच असतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते बसणं वेगळं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

दुकानदारांचं नाव लछमणदास. सगळं मार्केट त्यांना दादा म्हणायचं. सिंधीत दादा म्हणजे थोरला भाऊ आणि मराठीतही तेच, त्यामुळे निदान हाक मारण्यावरून दोघांचं कधी बिनसलं नाही. बाकी सगळ्यावरून बिनसलं. दादा बाईंना घड्याळाला हात लावू देईनात. त्यांनी दोन वाट्या दिल्या, एकीत खसखस, आणि एक बारीक चिमटा. एकेक दाणा उचलून दुसऱ्या वाटीत ठेवायचा. बाई कवायतीच्या सवयीनं मोठ्यानं आकडे म्हणत दाणे उचलू लागल्या. दादांनी कानात कापूस घातला. चिमट्यावर जोर पडला की दाणा टुणकन उडायचा. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या वाटीपेक्षा दादांच्या सदऱ्यावर खसखस जास्त होती. पंखा लावायचा नाही, वाऱ्यानं पुर्जे उडतात. घामेजल्या बोटानं काही धरायचं नाही, पुर्जे गंजतात. शिंक आली तर उठून रस्त्यावर जायचं. शेजारच्या नव्या कापडांची खळ बाईंच्या नाकात जायची, त्यामुळे सुरुवातीचे दिवस त्यांनी दुकानापेक्षा रस्त्यावरच काढले.

दादा म्हणायचे, कोपर टेबलाला चिकटवायचं आणि फक्त बोटांची टोकं हलवायची. बाईंनी तर जन्मभर मुलींना सगळा जोर खांद्यातून आणायला शिकवलेलं. गोळाफेक आणि घड्याळ यांत साम्य एवढंच, त्या मला म्हणाल्या, की दोन्हीकडे वस्तू हातातून सुटते. फक्त गोळा सापडतो.

पण त्यांनी सोडलं नाही. घरी भाताची शितं चिमट्यानं उचलायला लागल्या. कोपर ओट्याला टेकवून पोळ्या लाटायला लागल्या, तर पोळ्या पुरीएवढ्या झाल्या. जिना चढताना श्वास रोखून धरायच्या आणि वरच्या मजल्यावर पोचल्यावर आधी भिंत धरायच्या. सगळ्यांत अवघड होतं ते तोंड बंद ठेवणं. बोलणाऱ्याचा श्वास त्याच्या ताब्यात नसतो, असं दादांनी सांगितलं होतं. म्हणून बाईंनी काही दिवस घरात बोलायचंच नाही असं ठरवलं. सकाळची बुद्धवंदनासुद्धा मनातल्या मनात.

आता आमच्या गल्लीतल्या इमारती रोज त्यांच्या वंदनेनं जाग्या व्हायच्या. ती बंद झाली तशी मंडळी उशिरा उठू लागली, पोरांच्या शाळेच्या रिक्षा चुकू लागल्या. बाईंच्या तळमजल्यावर म्हात्रेकाकू राहायच्या. मूळच्या सोनिवलीच्या, तिथल्या भातशेतीवर इमारती उठल्यावर इकडे आलेल्या. खिडकीतून वर-खाली ओरडून बाईंशी बोलण्यात त्यांचा दिवस जायचा. त्यांनी खालून हाका मारल्या. वरून उत्तर आलं नाही, खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला आणि आत गेला. काकूंनी सरळ पुण्याला फोन लावला.

"आनंदा, तुजी आय बोलत नाय रं," त्या म्हणाल्या. "निस्ता हात हालवते."

आनंद मिळेल त्या गाडीनं आला. येताना त्यानं मोबाईलवर पक्षाघाताची सगळी लक्षणं वाचून काढली होती. काकूंकडच्या किल्लीनं दार उघडून पाहतो, तर आई टेबलाशी बसलेली. एका डोळ्यात काळ्या नळीसारखं काहीतरी. ते भिंग डोळ्यात धरून ठेवायला गाल आवळावा लागतो, त्यानं तोंड एका बाजूला ओढलं जातं, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. त्याला फक्त आईचं वाकडं तोंड दिसलं. उजवा हात टेबलाला चिकटलेला. "आई," त्यानं हाक मारली. आईनं डावं बोट वर केलं. माझं नाव सांग, तो म्हणाला. पुन्हा बोट. हसून दाखव, तो म्हणाला. ते तर शक्यच नव्हतं. दोन्ही हात वर कर, असं तो रडवेला होऊन म्हणाला तेव्हा बाईंच्या चिमट्यात बालकमानी होती. दादांनी मोठ्या मुश्किलीनं सरावाला म्हणून घरी न्यायला दिलेल्या एका जुन्या घड्याळातली. त्यांना हात वर करणं शक्य नव्हतं.

मला कोणीतरी बोलावून आणलं तेव्हा म्हात्रेकाकू जिन्यात बसून डोळे पुसत होत्या आणि वॉचमन खाली रिक्षा अडवून उभा होता. आनंद आईला उचलायला खाली वाकला, तेवढ्यात बाईंनी चिमटा ठेवला, भिंग काढलं आणि इतके दिवस साठवलेल्या आवाजात म्हणाल्या, "बसली."

ते रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं. बालकमानी जागेवर बसली, असं त्यांना म्हणायचं होतं. काकूंना वाटलं, बाई उठून बसली; त्यांनी जिन्यातूनच हात जोडले.

आनंदची काळजी संपली आणि राग सुरू झाला. इतका वेळ गप्प बसायचं म्हणजे काय, माझा जीव गेला असता, असं तो ओरडला. आवाज त्यालाही आईचाच मिळाला होता. हे असलं खूळ पुरे, आता बॅग भर, असं त्यानं सुनावलं. बाई ऐकून घेत राहिल्या, मग म्हणाल्या, मला मे महिन्यापर्यंत वेळ दे. आनंदनं ऑफिसच्या बॅगेत पडून असलेलं स्वतःचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं, कधीच बंद पडलेलं. पुण्यात दोन ठिकाणी त्यानं दाखवलं होतं, कोणी हात लावायला तयार नव्हतं. हे चालू करून दाखव, तो म्हणाला. झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर पुण्याला चलायचं.

बाई कबूल झाल्या. मी दादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कानातला कापूस काढला, सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मग कपाळावर हात मारला.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आनंद दुकानात आला. मी दारात उभी होते, कारण आत तेवढीच जागा होती. दादांनी आपली खुर्ची बाईंना दिली आणि स्वतः हात मागे बांधून भिंतीला टेकले. पुढं येऊन मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. बाईंनी हात धुऊन कोरडे केले, घड्याळ उघडलं. पांढऱ्या कागदावर, मुलींना उंचीप्रमाणे उभं करावं तसे पुर्जे एकेक करून ओळीनं मांडले. पेट्रोलमध्ये धुतले, फुग्यानं हवा मारून वाळवले, सुईच्या टोकानं तेलाचा थेंब सोडला. मग शेवटून पहिल्यापर्यंत परत बसवायला सुरुवात केली. मधे एकदा आनंद खोकला तर दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचा खोकला त्यानं गिळला.

वरच्या पट्टीचा शेवटचा स्क्रू राहिला होता. तेवढ्यात एक सिंधी आंटी मला बाजूला सारून आत घुसल्या. लग्नाला निघाल्या होत्या, घड्याळाचा पट्टा तुटला होता. "दादा, जरा जल्दी," त्या म्हणाल्या, आणि बाईंच्या चिमट्यातून स्क्रू उडाला.

"कोणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या.

हा मैदानावरचा आवाज होता. आनंद थिजला, दादा थिजले, आंटी तुटका पट्टा पुढे धरलेल्या तशाच राहिल्या. शेजारच्या दुकानात कापड मोजणाऱ्या माणसाचा मीटर हवेत थांबला. बाईंनी टेबल पाहिलं, कागद पाहिला, बॅटरीच्या उजेडात जमीन पाहिली. स्क्रू नव्हता. मग त्यांची नजर हळूहळू आंटींच्या साडीवर गेली आणि आम्हा सगळ्यांचीच गेली. पदरापासून पायापर्यंत साडीवर टिकल्या जडवलेल्या होत्या. प्रत्येक टिकली त्या स्क्रूएवढी, आणि तशीच चमकणारी.

आता बाई ती साडी धरून झटकणार, असं मला वाटलं. ज्या बाईंना मी ओळखत होते त्यांनी नक्की झटकली असती. त्यांनी आंटींना स्टुलावर बसवलं, मोठा श्वास घेऊ नका म्हणून सांगितलं, डोळ्याला भिंग लावलं आणि स्वतः जमिनीवर बसून खांद्यापासून सुरुवात केली. एक ओळ संपली की दुसरी. कोपर आंटींच्या गुडघ्याला टेकवलेलं, हलत होती ती फक्त बोटांची टोकं. आंटींच्या पर्समधला फोन वाजत होता, पण तो घ्यायची त्यांची हिंमत होत नव्हती. शादी छूट जाएगी, असं त्या पुटपुटल्या, पण अगदी हलक्या आवाजात. नंतर तर त्यांनाही त्यात रस वाटू लागला आणि त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपलीच साडी तपासू लागल्या. पंखा बंद. बाईंच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्या अधूनमधून मान वळवून तो खांद्याला पुसायच्या आणि त्याच ओळीवर परत यायच्या. आनंद आईकडे बघत होता. सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर पुण्याची तयारी दिसत होती. ती कधी गेली ते मला सांगता येणार नाही.

गुडघ्याजवळच्या एका चुणीत चिमटा थांबला, मिटला आणि वर आला.

"टिकली?" दादांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

बाईंनी ते चमकणारं काहीतरी पांढऱ्या कागदावर ठेवलं. दादा वाकले. त्याच्या डोक्यावर खाच होती.

स्क्रू बसला. बाईंनी घड्याळ दोन-चारदा हलवलं आणि आनंदच्या हातात दिलं. त्यानं ते कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग दादांना विचारलं, की हे टिकेल ना.

"मुझसे क्या पूछते हो?" दादा म्हणाले. "जिसने बनाया है, उससे पूछो."

आनंदनं घड्याळ मनगटावर बांधलं. आपण विषय काढणार नाही असं कबूल केलं होतं, ते त्यानं पाळलं. आंटी मात्र उशीर झालेला असूनही उठेनात. पट्टा बाईंनीच लावून द्यावा असा त्यांनी हट्ट धरला, आणि लग्नात ही हकीकत इतक्या जणांना सांगितली, की पुढच्या आठवड्यात निम्मं वऱ्हाड आपापली बंद घड्याळं घेऊन दुकानात आलं.

त्यानंतर काही वर्षं बाई रोज उल्हासनगरला जात होत्या. दादांनी टेबलाचा अर्धा भाग त्यांना दिला. मैडमची त्यांनी 'अदी' केली, म्हणजे सिंधीत बहीण. बाई गिऱ्हाइकांना रांगेत उभं करायच्या आणि रांग मोडणाऱ्याला शेवटी पाठवायच्या. त्यात एकदा दादांचा सख्खा मेहुणाही शेवटी गेला. एक कॉलेजचा मुलगा स्मार्ट वॉच घेऊन आला आणि मैडम, ये हँग होता है, म्हणाला, तेव्हा दोघांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि दादांनी ते मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरून त्याला परत दिलं. कामावर वाकल्या की बाई तासन् तास बोलायच्या नाहीत. शेवटी दादाच कंटाळून म्हणायचे, अदी, कुछ बोलो, नींद आती है.

मग एका हिवाळ्यात बाईंच्या उजव्या हाताला किंचित कंप सुटला. आम्हाला कोणाला दिसलाही नव्हता. त्यांनी घरी खसखशीच्या वाट्या काढून बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दादांना जाऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, बाकी काळजीचं काही नाही. दादांनी सुचवलं, की सेल बदलायचे, पट्टे लावायचे, गिऱ्हाइकाला काय कळतंय. बाईंनी थोडे दिवस तेही केलं. मग मला म्हणाल्या, की बारीक काम समोर दिसत असताना पट्टे लावत बसवत नाही, आणि थरथरत्या हातानं दुसऱ्याचं घड्याळ उघडू नये. त्याच संध्याकाळी त्यांनी आनंदला फोन करून येते म्हणून सांगितलं. तो बिचारा पुन्हा घाबरला. काय झालं, काय झालं, असं विचारत राहिला. काही झालं नाही, मला यावंसं वाटतंय, त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं असं मला वाटतं.

त्या निघाल्या त्या दिवशी सगळी गल्ली खाली आली होती. दादा उल्हासनगरहून रिक्षानं आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि आपल्याला दुकान उघडायचंय असं तीनतीनदा सांगून डोळे पुसत निघून गेले. म्हात्रेकाकूंनी तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या आणि मोठ्यानं रडून घेतलं. बाई सगळ्यांना जय भीम करून आनंदच्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी बोटांच्या टोकांनी गाडीचं दार ओढून घेतलं. गाडी हलली, फाटकापर्यंत गेली आणि थांबली. आतून काहीतरी टीं टीं वाजत होतं. दार नीट लागलंच नव्हतं. आनंद उतरला, वळसा घालून आला, दार उघडून त्यानं धाडकन लावलं.

काच खाली झाली.

"हळू रे," बाई म्हणाल्या.